सातव्या हप्त्याची पट्टी

कोर्टाचा कागद आला तेव्हा मावशीचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या चादरींत होते. टपालवाल्याला ती म्हणाली, "ठेव तिकडे टेबलावर," तर तो म्हणतो कसा, "तसं नाही चालत मावशी, सही लागते." चांगल्या बातमीला कोण कधी सही मागतं का! हात पुसून तिनं सही केली, पाकीट फोडलं, पहिल्या चार ओळी वाचल्या आणि तिथेच साबणाच्या डब्यावर मटकन बसली.

कोणाची मावशी म्हणून विचाराल, तर सगळ्या गल्लीची. तळघरातल्या दोन खोल्यांत तिची लाँड्री. पुढे काउंटर आणि कपडे टांगायच्या दांड्या, मागे धुण्याचं मोठं मशीन आणि वाफेची प्रेस. ही प्रेस म्हणजे दुकानाचा प्राण. खाली मऊ गादी, वर जड झाकण, पायानं दाबलं की फुस्स करून वाफ, आणि अर्ध्या मिनिटात डबलबेडची चादर कडक. त्याआधी मावशी सगळं हातानं इस्त्री करायची आणि उजवा खांदा असा कामातून गेला होता की वेणी घालायलाही हात वर होईना. प्रेस आली म्हणून हॉटेलचं काम आलं, दवाखान्याचं आलं. प्रेस गेली की दोन्ही जाणार आणि महिन्याभरात दुकानाला कुलूप. हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कागदात नेमकं तेच लिहिलं होतं. मशीनच्या व्यापाऱ्यानं दावा लावला होता. वापरलेली प्रेस वीस हप्त्यांवर दिली, नऊ हप्ते आले, अकरा आलेच नाहीत. ते अकरा व्याजासकट भरा, नाहीतर प्रेस परत करा. तारीख तीन आठवड्यांनंतरची.

"अकरा? अहो, शेवटचा हप्ता देऊनसुद्धा वर्ष उलटून गेलं!" मावशी भिंतीला म्हणाली. भिंत काय बोलणार.

संध्याकाळी नणंदेनं तो कागद दोनदा वाचला. नणंदेचं नाव बेबी, वय पन्नास. शाळेच्या ऑफिसात तिनं पंचवीस वर्षं फायली सांभाळल्या होत्या, त्यामुळे कागद म्हटला की तिच्या अंगात यायचं. मावशीचा नवरा गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. भांडायला घरात कोणीतरी हवं म्हणून, असं दोघीही सांगायच्या.

"वहिनी, हे लहान रकमांचं कोर्ट आहे. इथे वकील नसतो. आपलं आपण बोलायचं."

"मी बोलू? कोर्टात? अगं, मला गिऱ्हाइकाकडे स्वतःचे पैसे मागताना घाम फुटतो!"

"मागायचे नाहीयेत. दिलेत एवढंच सांगायचंय. पावत्या काढ."

मावशीनं काउंटरच्या खणातून एक मोठी सेफ्टी पिन काढली. तिच्यात वीस कापडी पट्ट्या ओवलेल्या होत्या, बोटभर लांबीच्या, पांढऱ्या. बेबीनं कपाळाला हात लावला.

झालं होतं असं. व्यापाऱ्याकडचे वसुलीकाका दर महिन्याच्या पाच तारखेला सायकलवरून यायचे. पहिल्या महिन्यात त्यांनी छापील पावती दिली, मावशीनं ती ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि ॲप्रन धुवायला टाकला. पावतीचा लगदा झाला. दुसऱ्या महिन्यात तिनं तो लगदा त्यांना दाखवला, तेव्हा काका पोट धरून हसले. मग म्हणाले, "तुझ्या दुकानात कागद काय टिकणार! आण ती पट्टी." गिऱ्हाइकाचा कपडा ओळखायला लाँड्रीत जी पट्टी टाचतात ना, नंबर घातलेली, तीच. तिच्यावर लिहायची शाई कितीही धुतली तरी जात नाही. काकांनी दोन पट्ट्या घेतल्या, एकीवर मागचा हप्ता लिहिला, दुसरीवर चालू, तारीख घातली, 'मिळाले' लिहिलं, सही ठोकली. तेव्हापासून तीच रीत पडली. पुढे छापील पावती ना त्यांनी दिली, ना हिनं मागितली.

"असू दे," बेबी म्हणाली. "सही तर सही. वीस आहेत ना? मग झालं. काळजी कसली करतेस?"

पिनेतली एक पट्टी मावशी नखानं चाळवत बसली.

"वहिनी? काय लपवतेयस?"

"ही सातवी," मावशी हळूच म्हणाली. "हिचे पैसे मी दिले नाहीयेत गं."

तो महिना बेबीलाही विसरता येण्यासारखा नव्हता. तिचा दादा बारा दिवस हॉस्पिटलात होता आणि तेराव्या दिवशी गेला. त्यातल्याच एका दिवशी, पाच तारखेला, काका आले. मावशी तासाभरासाठी दुकान उघडून बसली होती. ती म्हणाली, "काका, या महिन्यात नाहीये हो काही." काका म्हणाले, "मी पैसे मागितले का? पट्टी आण म्हटलं." लिहिलं, सही केली, सायकलवर टांग टाकली नि गेले. पुढच्या महिन्यात तिनं दोन हप्ते पुढे केले तर एक परत केला. "मागचं सगळं मिळालंय. पट्टी बघ की." व्यापाऱ्यानं, म्हणजे काकांच्या थोरल्या मालकांनी, माफ केला असेल, असं मावशीनं धरून चाललं आणि दुःखाच्या त्या दिवसांत तो विषय तसाच राहून गेला.

"हे बघ," बेबीनं आवाज खाली आणला, दुकानात तिसरं कोणी नसताना. "हे तू तिथे बोलणार नाहीस. पट्टी म्हणते मिळाले, तूही म्हण मिळाले. दादाच्या आजारपणाचा हप्ता तो जावई खाऊन ढेकर देणार? तोंडाला कुलूप लाव."

जावई म्हणजे थोरल्या मालकांचा जावई. मालक आजारी पडले तेव्हा धंदा त्यानं हातात घेतला, मालक वारल्यावर तोच मालक झाला आणि सहा महिन्यांपूर्वी त्यानं वसुलीकाकांना चोर ठरवून काढून टाकलं. गिऱ्हाइकांचे हप्ते खाल्ले म्हणे. साऱ्या बाजारात बोभाटा झाला होता.

मावशी काकांच्या घरी गेली. साक्ष द्या म्हणून हातापाया पडायची तिची तयारी होती. दार त्यांच्या बायकोनं उघडलं, तेही वीतभर.

"ते घरी नाहीत."

काकांच्या चपला दारातच होत्या. आतून खोकलाही ऐकू आला. "कोर्टात नुसतं येऊन दोन शब्द बोलले तरी..." मावशीनं सुरुवात केली.

"चोराच्या साक्षीनं तुमचं काय भलं होणार?" बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. सख्ख्या बायकोनं असं म्हणावं! मावशीला जिना उतरताना पायऱ्या दिसेनात.

तारखेच्या दिवशी दोघी अर्धा तास आधीच कोर्टात हजर. कोर्ट म्हणजे मोठा दिवाणखाना असेल असं मावशीला वाटलं होतं, तर ती निघाली शाळेच्या वर्गाएवढी खोली. समोर टेबल, टेबलामागे न्यायाधीश बाई, सर्दीनं बेजार, हातात रुमाल. डावीकडे एक खुर्ची, उजवीकडे एक खुर्ची. मागच्या बाकावर बेबी. डाव्या खुर्चीत जावईबुवा ऐसपैस बसले होते, मांडीवर जाडजूड वही. त्यांचा शर्ट इतका चुरगळलेला होता की मावशीचा हात आपोआप प्रेसचं झाकण शोधायला लागला.

जावईबुवांनी आपलं म्हणणं घडाघडा मांडलं. तोंडपाठ केलं असावं. "ही आमची जमावही, मॅडम. नऊ हप्ते जमा आहेत, पुढे काही नाही. बाईंना प्रेस वापरायला हवी, पैसे द्यायला नकोत."

न्यायाधीश बाई मावशीकडे वळल्या. "तुमचं म्हणणं?"

ती उठली आणि काही न बोलता पिनच टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"पावत्या, मॅडम."

जावईबुवा खो खो हसले. "पावत्या! मॅडम, ही लाँड्रीतली चिंधी आहे. यांच्या दुकानात असल्या हजार असतील. घरी बसून कोणीही लिहील!"

मावशीची कानशिलं गरम झाली. पण रागानं एक बरं होतं, जीभ सुटते. लगद्याची गोष्ट, काकांचं हसणं, दर महिन्याची पट्टी, सगळं तिनं सांगून टाकलं. सांगता सांगता कोर्टातला शिपाईसुद्धा लगद्याला हसला. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्ट्या एकेक करून पाहिल्या, उजेडाकडे धरल्या.

"या वसुली कारकुनाची सही तुमच्याकडे कुठे आहे?"

जावईबुवांना वाटलं आपलंच काम होतंय. त्यांनी मोठ्या तोऱ्यात एक कागद पुढे केला. "आहे ना! हा त्याचा राजीनामा. चोरी पकडली तेव्हा लिहून घेतला. पैसे यांनी दिले असतीलही मॅडम, मी नाही कशाला म्हणू? पण ते त्यानं खाल्ले. त्याची भरपाई आम्ही का सोसायची?"

"आत्ता तर तुम्ही म्हणालात, पट्ट्या घरी लिहिल्या."

"म्हणजे... दोन्हीपैकी एक काहीतरी."

बाईंनी राजीनाम्यावरची सही आणि पट्ट्यांवरच्या सह्या शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या. मग मान वर केली. "सही तीच दिसते. त्या वेळी हा माणूस तुमचा वसुली कारकून होता. त्याच्या हातात दिलेले पैसे म्हणजे तुम्हालाच दिलेले." त्या मावशीकडे वळल्या. "तुम्ही शपथेवर आहात. मला एकच विचारायचंय. हे वीसही हप्ते तुम्ही स्वतः त्यांच्या हातात दिले?"

आता नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. मागून बेबीचं खोकणं ऐकू आलं, आणि ते सर्दीचं नव्हतं. मावशीच्या डोळ्यांपुढे प्रेस आली, दुकान आलं, खांद्यातली ती कळ आली. हो म्हण गं बाई, हो म्हण, तिचं मन तिला ओरडून सांगत होतं. पण त्याच टेबलावर त्या बिचाऱ्याचा राजीनामा पडला होता, 'चोरी'च्या कागदाखाली त्याची तीच सही, वाकडी, साधी. तो माणूस इथे नव्हता आणि जो तो त्याच्या नावानं काहीही बोलत होता. तिनंही बोलावं?

"एकोणीस दिले," मावशी म्हणाली. "सातवा नाही दिला."

बेबीनं मागे "आई गं!" केलं. जावईबुवा खुर्चीतून उठलेच. "लिहून घ्या मॅडम! लिहून घ्या! पैसे न घेता हा पावत्या वाटत होता! मग बाकीच्या पट्ट्यांचा काय भरवसा? सगळ्याच खोट्या!"

"बसा," न्यायाधीश बाई म्हणाल्या. पण त्यांचाही चेहरा बदलला होता. आपणच आपल्या हातांनी प्रेस उचलून त्याच्या टेम्पोत चढवली, मावशीला कळून चुकलं.

"सातवा का नाही दिला?"

"ह्यांना हॉस्पिटलात ठेवलं होतं. काका आले, मी म्हटलं नाहीयेत. त्यांनी तरी पट्टी लिहिली. मला वाटलं थोरल्या मालकांनी सोडला असेल. नंतर विचारायला हवं होतं, नाही विचारलं. माझं चुकलं. पण ते चोर नाहीत हो मॅडम. चोर आधी पैसे घेतो."

बाईंनी पट्टीवरची तारीख पाहिली. मग हात पुढे केला. "ती जमावही द्या इकडे."

जावईबुवांनी वही दिली, खुशीत. बाईंनी पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं, आणि पुन्हा पट्टी पाहिली, पुन्हा ओळ पाहिली.

"या महिन्याचा हप्ता तर तुमच्याकडे जमा आहे. पुरा. त्याच तारखेला. कारकुनाकडून रोख."

"कसं शक्य आहे?" जावईबुवा पुढे वाकले.

"हे अक्षर कोणाचं?"

"सासऱ्यांचं."

"बाईंनी पैसे दिले नाहीत. तुमच्या सासऱ्यांना ते मिळाले. मग दिले कोणी?"

मावशीच्या आत्ता ध्यानात आलं. माफ-बिफ कोणी केलं नव्हतं. त्या सायकलवाल्या माणसानं आपल्या खिशातून भरले होते, आणि पुढे वर्षभर दर पाच तारखेला तिच्याकडे येऊन एका शब्दानं बोलला नव्हता.

"जो माणूस दुसऱ्याचा हप्ता स्वतः भरतो," न्यायाधीश बाई सावकाश म्हणाल्या, "तो पुढचे अकरा हप्ते खाईल, असं मी समजायचं. बरं. नवव्या हप्त्यानंतर वही कोणाच्या अक्षरात आहे?"

"माझ्या. सासरे आजारी पडले ना, तेव्हापासून मी लिहितो."

"नववा हप्ता जमा, आणि त्यानंतर तुमचं अक्षर सुरू. कारकून रोख आणून कोणाच्या हातात द्यायचा?"

"ऑफिसात."

"ऑफिसात कोण असायचं?"

"मी."

"तुम्ही त्याला पोच देत होता?"

"घरचा माणूस, मॅडम. त्याला कसली पोच..." एवढं बोलून जावईबुवांना आपण काय बोललो ते कळलं. अकरा महिने हप्ता नाही तर एकदाही नोटीस का पाठवली नाही, यावर त्यांनी सासऱ्यांच्या आजारपणाचं काहीतरी पुटपुटून पाहिलं, पण ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

दावा फेटाळला गेला. प्रेस मावशीचीच, असं न्यायाधीश बाईंनी स्वतः लिहिलं. बेबीनं बाहेर येऊन वहिनीला आधी कडकडून मिठी मारली आणि मग दंडावर एक सणसणीत चापट दिली. "एक अक्षर! एक अक्षर बोलायचं होतं तुला! माझा जीव गेला असता ना!"

"चल," मावशी म्हणाली. "आधी काकांकडे."

वाटेत तिनं घरून एका हप्त्याचे पैसे घेतले. काकांचं दार पुन्हा वीतभरच उघडलं. "ते घरी..." त्यांच्या बायकोनं सुरू केलं.

"नसू देत. तुम्हालाच सांगायचंय," मावशी म्हणाली आणि दारातच उभी राहून तिनं सगळं सांगितलं. निकालाची प्रत बेबीनं वाचून दाखवली, सातव्या हप्त्याची ओळ दोनदा. मावशीनं पैसे पुढे केले. "यांचे माझ्याकडे राहिले होते. मला ठाऊक नव्हतं हो."

बाईंनी पैशांकडे पाहिलंच नाही. "कोणत्या महिन्यातला?" एवढंच विचारलं. मावशीनं महिना सांगितला, वर्ष सांगितलं.

बाई दाराला टेकल्या. "त्या महिन्यात यांनी पगार कमी आणला होता. कुठे गेले म्हणून विचारलं तर म्हणाले, खिसा कापला. मी काही विश्वास ठेवला नाही. आणि कामावरून काढलं ना, तेव्हा मीच यांना म्हटलं, तुमची लक्षणं मला तेव्हापासून ठाऊक आहेत. सहा महिने हे घराबाहेर पडले नाहीत. मला वाटलं, लाजेनं." त्यांनी मागे वळून हाक मारली. "अहो. बाहेर या."

काका आले. दाढी वाढलेली, गळ्याशी मफलर. ते पहिले मावशीवरच डाफरले. "कोर्टात कशाला सांगत बसलीस? वेडी का काय? प्रेस गेली असती म्हणजे!"

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" बायकोनं विचारलं.

"तू रागावली असतीस."

"हो, असते. दोन दिवस. आणि हे काय झालं मग?"

काका चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिले. "खिसा कापलाच होता," शेवटी ते हट्टानं म्हणाले आणि मावशीकडे हनुवटी केली. "हिनं."

बेबीला हसू फुटलं, आणि मावशीला रडू. "काका, घ्या हो हे," ती म्हणाली. काका दोन्ही हात मागे घेऊन उभे राहिले, लहान मूल औषधाला नाही म्हणतं तसे.

"इकडे द्या," बाई म्हणाल्या. "मी घेते. सव्वादोन वर्षं मला त्या महिन्याचा मेळ लागत नव्हता." त्यांनी नोटा घेतल्या आणि मोजायला लागल्या. तीन-चार मोजल्या, थांबल्या, पदरानं डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. मग त्या सगळ्या नोटा त्यांनी नवऱ्याच्या हातात दिल्या.

"तुम्हीच मोजा," त्या म्हणाल्या. "तुमचा हिशेब चुकत नाही."